परिपाठातील प्रभूची प्रार्थना: एका शाळेचे आणि तिच्या मंडळीचे प्रकरण

या प्रकरणातील शाळा, मंडळी (म्हणजे स्थानिक चर्चचा समुदाय) आणि व्यक्ती यांची नावे दिलेली नाहीत. गाव सांगितलेले नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. ख्रिस्ती संस्था चालवणाऱ्या विश्वस्तांना, पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) आणि शिक्षकांना, अन्य धर्मीय मुलांना शाळेत ख्रिस्ती प्रार्थना म्हणायला लावावी का, हा प्रश्न आज ना उद्या भेटणार आहे, त्यामुळे निर्णय कोणत्या क्षणी घेतले गेले आणि ते घेताना कोणते मुद्दे पुढे आले, यावर या लेखात अधिक भर दिला आहे.

पार्श्वभूमी

शाळा अहिल्यानगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आहे. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ साली आणि नगरमध्ये १८३१ साली सुरू झाले. पुढे खेडोपाडी शाळा निघाल्या, आणि १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतरच्या काळात या जिल्ह्यातील महार व मांग समाजांतील अनेक कुटुंबांनी बाप्तिस्मा घेतला. ज्यांना इतर शाळांत ओसरीवरही बसू दिले जात नसे, अशा मुलांसाठी काढलेल्या एकखोली शाळेचे आजचे रूप म्हणजे ही अनुदानित माध्यमिक शाळा. शिक्षकांचे पगार शासनाकडून येतात. इमारत, नेमणुका आणि कारभार मंडळीच्या विश्वस्त संस्थेकडे आहेत. माध्यम मराठी. विद्यार्थ्यांपैकी बहुसंख्य आज ख्रिस्ती नाहीत: शेतकऱ्यांची, ऊसतोड कामगारांची, बाजारपेठेतल्या छोट्या दुकानदारांची मुले येथे शिकतात, त्यांत मुस्लिम घरांतीलही आहेत.

परिपाठात राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा आणि संविधानाची प्रास्ताविका झाली की प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना, म्हटली जात असे. एक विद्यार्थी माइकवर ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ अशी सुरुवात करी आणि मैदानावरील सर्व मुले हात जोडून, डोळे मिटून, ओळीमागून ओळ म्हणत. मग सुविचार, दिनविशेष आणि बातम्या. हा क्रम कोणी ठरवला, हे विश्वस्तांपैकी कोणालाही सांगता येत नव्हते. इतिवृत्ताच्या जुन्या वह्यांतही त्याचा ठराव सापडला नाही. तो होता म्हणून होता. गावातील अनेक ज्येष्ठ हिंदू माजी विद्यार्थ्यांना ती प्रार्थना आजही तोंडपाठ आहे, आणि ते ती कौतुकाने म्हणून दाखवतात.

प्रकरण समजण्यासाठी आणखी एक बाब ध्यानात घ्यावी लागते. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदू, आणि पुढील दुरुस्त्यांनंतर शीख व बौद्ध, यांनाच अनुसूचित जातीचा दर्जा मिळतो. ख्रिस्ती झालेल्यांना तो मिळत नाही. परिणामी रविवारी उपासनेला येणाऱ्या काही कुटुंबांच्या मुलांची शाळेच्या जनरल रजिस्टरमधील नोंद वेगळी असते. मंडळीत हे सर्वांना ठाऊक आहे आणि कोणी त्याविषयी मोठ्याने बोलत नाही. शाळेत ‘ख्रिस्ती मुले किती’ या प्रश्नाला त्यामुळे रजिस्टरचे एक आणि बाकांचे दुसरे अशी दोन उत्तरे आहेत.

अडचण कशी उभी राहिली

२०२४ च्या जूनमध्ये, शाळा सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत, आठवीतील एका मुलाच्या वडिलांनी मुख्याध्यापिकांना लेखी अर्ज दिला. अर्जाची भाषा संयमी होती. शाळेविषयी आपली तक्रार नाही, आपली थोरली मुलगी याच शाळेतून दहावी झाली, परंतु मुलाला प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्याची सक्ती करू नये, एवढीच विनंती त्यात होती. अर्जामागे एक घटना होती. प्रार्थना चालू असताना हा मुलगा डोळे उघडे ठेवून शेजाऱ्याशी बोलत होता, म्हणून शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांनी त्याला पुढे बोलावले आणि सर्वांसमोर एकट्याला संपूर्ण प्रार्थना म्हणायला लावली. तो मध्येच अडखळला. मुले हसली. शिक्षकांच्या दृष्टीने ती शिस्तीची बाब होती. ते स्वतः ख्रिस्ती नाहीत, हेही नोंदवले पाहिजे.

मुख्याध्यापिकांनी अर्ज आवक वहीत नोंदवला, विश्वस्त संस्थेच्या अध्यक्षांना दूरध्वनीवरून कळवला आणि पुढील बैठकीपर्यंत ठेवून दिला. बैठक लांबत गेली. दरम्यान एका स्थानिक संघटनेने शिक्षणाधिकाऱ्यांना निवेदन दिले, त्याची प्रत पोलीस ठाण्यात दिली, आणि ‘मिशनच्या शाळेत मुलांवर धर्मांतराचे संस्कार’ अशा आशयाचा मजकूर गावातील व्हॉट्सॲप गटांवर फिरू लागला. शिक्षण विभागाने शाळेकडे लेखी खुलासा मागवला. ज्या वडिलांनी अर्ज केला होता त्यांना या निवेदनाची आधी कल्पना नव्हती, हे पुढे स्पष्ट झाले. परंतु तोपर्यंत त्यांची विनंती आणि संघटनेचा आरोप या दोन गोष्टी विश्वस्तांच्या मनात एक झाल्या होत्या. ‘हा आपल्या श्रद्धेवर हल्ला आहे’ हेच पहिल्या बैठकीचे गृहीतक होते.

खुलाशासाठी माहिती गोळा करताना दुसरीच एक बाब उजेडात आली. दहावीला शिकवणारे एक ख्रिस्ती सहशिक्षक काही विद्यार्थ्यांना तासिका संपल्यावर नव्या कराराच्या (बायबलच्या दुसऱ्या भागाच्या) छोट्या प्रती देत असत. सक्ती नव्हती, आमिष नव्हते, तक्रारही आलेली नव्हती. तरीही खुलाशात ‘शाळेत धर्मप्रचार होत नाही’ असे वाक्य लिहायला निघालेल्या विश्वस्तांचा हात तेथे थांबला.

कायद्याची चौकट

विश्वस्तांपैकी एक जण वकील आहेत. त्यांनी विश्वस्त संस्थेच्या समितीसमोर जे मांडले ते थोडक्यात असे. अनुच्छेद २५ प्रत्येकाला सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य आणि आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा अधिकार देतो. अनुच्छेद ३० अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शैक्षणिक संस्था काढण्याचा व चालवण्याचा अधिकार देतो. अध्यक्षांना एवढेच ऐकायचे होते. परंतु अनुच्छेद २८ चा तिसरा खंड शासनाने मान्यता दिलेल्या किंवा शासकीय निधीतून साहाय्य मिळणाऱ्या संस्थांविषयी स्पष्ट बोलतो: अशा संस्थेतील कोणालाही, त्याच्या संमतीशिवाय, आणि तो अल्पवयीन असल्यास पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणात भाग घेण्यास किंवा धार्मिक उपासनेस उपस्थित राहण्यास भाग पाडता येत नाही. संस्थेला उपासना ठेवण्याची मनाई या खंडात नाही. मनाई आहे ती संमतीवाचून उभे करण्याला. शाळेने आजवर एकाही पालकाची संमती घेतलेली नव्हती.

वकिलांनी केरळमधील एका खटल्याचाही दाखला दिला. यहोवाचे साक्षीदार या पंथातील तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण आपल्या श्रद्धेत बसत नाही म्हणून ते गात नसत. शाळेने १९८५ मध्ये त्यांना काढून टाकले, आणि १९८६ मध्ये बिजो इमॅन्युएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही कारवाई त्यांच्या मूलभूत अधिकारांचा भंग करणारी ठरवली. त्या पंथाची शिकवण मुख्य प्रवाहातील मंडळ्यांना मान्य नाही, आणि समितीतील एका पंचांनी (मंडळीच्या कारभाऱ्यांपैकी एकाने) तसे लगेच बोलूनही दाखवले. परंतु मुद्दा शिकवणीचा नव्हता. बायबलवर श्रद्धा ठेवणाऱ्या घरातील मुलांनी ओठ न हलवता उभे राहण्याचा हक्क ज्या न्यायाने मिळवला, तो न्याय आठवीतल्या या मुलाला नाकारायचा असेल, तर कोणत्या तोंडाने नाकारायचा, हा प्रश्न वकिलांनी विचारला. त्या बैठकीत त्याला उत्तर आले नाही.

समोर आलेले पर्याय

पहिला पर्याय लढण्याचा होता. प्रार्थना आहे तशी चालू ठेवावी, अल्पसंख्याक संस्थेचा अधिकार म्हणून ठाम भूमिका घ्यावी, वेळ पडल्यास न्यायालयात जावे. समितीतील सर्वांत ज्येष्ठ पंच, निवृत्त शिक्षक, या बाजूने बोलले, आणि त्यांचे बोलणे वजनदार होते. ज्या काळात मिशनरी आणि पहिले ख्रिस्ती शिक्षक गावोगाव पायी फिरले, शिव्या खाल्ल्या, वाळीत पडले, त्यांनी हात टेकले असते तर ही शाळा नसती, असे ते म्हणाले. त्यांनी बायबलमधील दानीएलाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायाची आठवण दिली. राजाशिवाय कोणाची प्रार्थना करू नये असा हुकूम निघाल्यावरही दानीएलाने यरुशलेमेकडच्या खिडक्या बंद केल्या नाहीत, तो पूर्वीप्रमाणे दिवसातून तीनदा प्रार्थना करीत राहिला. ‘आपण खिडकी लावून घेतली तर पुढच्या पिढीला बाहेर काय आहे ते दिसणारही नाही,’ हे त्यांचे वाक्य मंडळीत नंतर बरेच दिवस बोलले गेले.

दुसरा पर्याय याच्या नेमका उलट होता: परिपाठातून प्रार्थना काढून टाकावी, नाताळचा कार्यक्रम बंद करावा, प्रवेशद्वारावरील वचन पुसावे, आणि पुन्हा कोणी बोट दाखवणार नाही अशी शाळा करावी. याच्या बाजूने उघडपणे कोणी बोलले नाही, पण पगार आणि संचमान्यता (शासनाने मान्य केलेली शिक्षकपदे) यांच्या चिंतेत असलेल्या काही शिक्षकांच्या मनात तो होता. भीतीपोटी घेतलेला असा निर्णय एकदा घेऊन संपत नाही, तो दर सहा महिन्यांनी नव्याने घ्यावा लागतो, हे अध्यक्षांचे म्हणणे मला पटण्यासारखे वाटते.

तिसरा पर्याय कायदेशीर दृष्ट्या सर्वांत सुबक होता. पालकांकडून लेखी संमतीपत्रे घ्यावीत. ज्यांची संमती असेल ती मुले प्रार्थनेला थांबतील, उरलेली वर्गात जातील. वकिलांचा कल याकडे होता आणि बैठक जवळजवळ या निर्णयावर आली होती. तेथे मुख्याध्यापिकांनी दोन हरकती घेतल्या. रोज सकाळी माइकवरून मुलांना धर्मानुसार दोन रांगांत विभागायचे, हे ज्या शाळेत जन्मात झाले नाही ते आपण सुरू करणार का, ही पहिली. दुसरी त्यांनी फार हलक्या आवाजात मांडली. ज्या कुटुंबांची नोंद रजिस्टरमध्ये वेगळी आहे, त्यांनी संमतीपत्रावर सही केली तर तो कागद उद्या कोणाच्या हाती पडेल? आणि नाही केली, तर मंडळीतली ही मुले आपल्याच प्रार्थनेच्या वेळी वर्गात जाऊन बसतील. बैठकीत काही काळ कोणी बोलले नाही. संमतीपत्राचा पर्याय तेथेच मागे पडला, आणि का मागे पडला याची नोंद इतिवृत्तात ‘व्यवहार्य नसल्याने’ एवढीच आहे.

चौथा पर्याय पाळकसाहेबांनी सुचवला. शाळेचा परिपाठ सर्वांचा ठेवावा आणि मंडळीची प्रार्थना मंडळीने चालवावी. ऐकायला हा साधा वाटतो. परंतु त्यासाठी मंडळीला काहीतरी करावे लागणार होते, आणि आजवर तेवढेच घडत नव्हते.

निर्णयाला कलाटणी देणारा रविवार

दोन बैठकांच्या मधल्या रविवारी पाळकसाहेबांनी उपदेश थोडक्यात आटोपला आणि मंडळीतील मुलांना पुढे बोलावून प्रभूची प्रार्थना म्हणण्यास सांगितले. या शाळेत शिकणाऱ्या मुलांनी ती खणखणीत म्हटली. गावातील इंग्रजी माध्यमाच्या शाळांत जाणारी मुले रोजच्या भाकरीच्या ओळीपर्यंत सोबत आली आणि पुढे नुसते ओठ हलवत राहिली. त्यांत दोन विश्वस्तांची नातवंडे होती, आणि ‘खिडकी’वाल्या ज्येष्ठ पंचांचा नातूही.

हे करणे योग्य होते का, याविषयी मंडळीत दोन मते आहेत. मुलांना नकळत साक्षीदार केले गेले, आणि एका मुलाला सर्वांसमोर अडखळायला लावल्याच्या प्रकरणातच पुन्हा तसे घडावे, हे मलाही खटकते. परंतु त्यातून जे दिसले ते नाकारता येत नव्हते. मराठी ख्रिस्ती मध्यमवर्गाने आपली मुले मिशनच्या मराठी शाळेतून केव्हाच काढून घेतली आहेत. घरची सायंप्रार्थना टीव्ही आणि शिकवणीच्या वेळांत विरून गेली. रविवारचा मुलांचा वर्ग एका वृद्ध भगिनींच्या भरवशावर चालला होता. आणि या सगळ्याची भरपाई म्हणून आपली श्रद्धा जिवंत असल्याचा पुरावा आपण रोज सकाळी शेतकऱ्यांच्या आणि दुकानदारांच्या मुलांच्या तोंडून ऐकत होतो. श्रद्धा टिकवण्याची जबाबदारी आपण वाहत आहोत असे मंडळीला वाटत होते. प्रत्यक्षात ती दुसऱ्यांच्या मुलांकडे दिलेली होती.

दुसऱ्या बैठकीत पाळकसाहेबांनी बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायाकडे लक्ष वेधले. प्रभूची प्रार्थना ज्या अध्यायात शिकवली आहे, त्याच अध्यायात तिच्या काही वचने आधी, लोकांनी पाहावे म्हणून चौकाचौकांत उभे राहून प्रार्थना करणाऱ्यांवर टीका आहे आणि खोलीत जाऊन, दार लावून प्रार्थना करण्याची आज्ञा आहे. आपण दार लावण्याची आज्ञा वगळून पुढची प्रार्थना तेवढी ध्वनिक्षेपकावर लावली, असे ते म्हणाले. ज्येष्ठ पंचांनी दानीएल पुन्हा काढला. त्यावर झालेली चर्चा या प्रकरणातील सर्वांत मोलाची आहे. दानीएल स्वतःच्या घरात, स्वतःच्या जिवावर उदार होऊन प्रार्थना करीत होता. त्याने दुसऱ्या कोणाला गुडघे टेकायला लावले नव्हते. देशाच्या राजकारणात आपण अल्पसंख्य आणि भेदरलेले असू. शाळेच्या मैदानावर मात्र माइक आपला, हजेरीपट आपला, शिक्षा करणारा हात आपला. तेथे हुकूम काढणारा दारयावेश राजा कोण आणि खिडकीपाशी एकटा उभा असलेला मुलगा कोण, हे प्रत्येकाने मनाशी पाहावे, असे वकील म्हणाले. ठराव बहुमताने मंजूर झाला. एकमताने नाही.

प्रत्यक्ष काय केले

सर्वप्रथम मुख्याध्यापिका आणि एक विश्वस्त त्या मुलाच्या घरी गेले. वडिलांना पत्र देऊन बोलावण्याऐवजी आपण जावे, हा आग्रह मुख्याध्यापिकांचा होता. ओट्यावर बसून चहा झाला, विलंबाबद्दल दिलगिरी व्यक्त केली गेली, आणि वडिलांनी निवेदनाशी आपला संबंध नसल्याचे तेथेच सांगितले. तसे त्यांनी पुढे शिक्षण विभागालाही लेखी कळवले. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांनी मुलाला कार्यालयात बोलावून त्याची क्षमा मागितली.

खुलासा लिहिताना काही लपवायचे नाही, असे ठरले. परिपाठात ख्रिस्ती प्रार्थना म्हटली जात होती, त्यासाठी संमती घेतलेली नव्हती, ती आता परिपाठातून वगळली आहे, आणि एका शिक्षकाने धार्मिक पुस्तिका दिल्याचे निदर्शनास आल्यावर त्यांना लेखी समज दिली आहे, असे चार मुद्दे त्यात होते. पुस्तिकांचा उल्लेख करू नये, असे दोन विश्वस्तांचे मत होते. वकिलांनी ते मानले नाही.

त्या सहशिक्षकांशी झालेले बोलणे सोपे नव्हते. ‘सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा’ ही आज्ञा मी कोणत्या समितीच्या ठरावाने बाजूला ठेवू, असा त्यांचा प्रश्न होता. पाळकसाहेबांनी त्यांना बायबलमधील पेत्राच्या पहिल्या पत्रातील तिसऱ्या अध्यायाची आठवण दिली: आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर देण्यास सिद्ध असा, पण ते सौम्यतेने व आदराने द्या. तेथे आधी विचारणारा असतो. अंतर्गत गुण ज्याच्या हातात आहेत अशा शिक्षकाने पुढे केलेली पुस्तिका पंधरा वर्षांचा मुलगा खऱ्या अर्थाने नाकारू शकत नाही. तो ती घेतो, आणि त्याने ती का घेतली हे देणाऱ्यालाही कळत नाही. शिक्षकांनी काही आठवडे अबोला धरला, मग ठराव मान्य केला. आता ते रविवारी संध्याकाळी स्वतःच्या घरी प्रौढांसाठी बायबल-अभ्यास घेतात.

परिपाठात प्रभूच्या प्रार्थनेच्या जागी साने गुरुजींची सर्वपरिचित प्रार्थना आणि एक मिनिट शांतता आली. शाळेचे नाव, इमारतीवरील क्रूस आणि प्रवेशद्वारावरील वचन तसेच राहिले. नाताळचा कार्यक्रमही राहिला, मात्र नाटकात भाग घेणाऱ्या मुलांची नावे वर्गशिक्षकांनी नेमून देण्याची पद्धत बंद झाली. ज्याला हौस असेल त्याने पालकांना विचारून नाव द्यावे, असे ठरले.

प्रभूची प्रार्थना आवारातील चर्चमध्ये, शाळा भरण्याच्या अर्धा तास आधी, मंडळीचा कार्यक्रम म्हणून सुरू झाली. ती शाळेचा भाग नसल्याने तिची हजेरी शाळेच्या कोणत्याही कागदावर येत नाही. मंडळीत न येणाऱ्या घरातील मुलाला यायचे असेल, तर त्याच्यासोबत पालकाने स्वतः येऊन बसावे, अशी अट घातली. वकिलांना लेखी नोंद हवी होती, कारण उद्या आरोप झाला तर दाखवायला कागद लागतो. समितीने कागदाऐवजी पालकाची प्रत्यक्ष उपस्थिती निवडली. धोका पत्करून घेतलेला हा निर्णय आहे, आणि तो बरोबर ठरेल याची हमी कोणी दिलेली नाही.

परिणाम

शिक्षण विभागाने खुलासा स्वीकारला. वडिलांचे पत्र आल्यावर संघटनेने विषय सोडला. मुलगा त्याच शाळेत नववीत गेला. कॅथोलिक बिशपांच्या राष्ट्रीय परिषदेने २०२४ च्या एप्रिलमध्ये आपल्या शाळांना, अन्य धर्मीय विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत आणि परिपाठात प्रास्ताविका म्हणावी, अशा सूचना दिल्या होत्या. ही शाळा प्रॉटेस्टंट परंपरेतील असल्याने त्या तिला लागू नाहीत आणि समितीच्या वाचनात त्या उशिरा आल्या. आल्या तेव्हा दोन-तीन जणांच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा सैल झाला.

मंडळीत मात्र किंमत मोजावी लागली. ज्येष्ठ पंचांनी राजीनामा दिला, आणि त्यांचे कुटुंब आता दुसऱ्या मंडळीत उपासनेला जाते. भेटले की ‘सलाम’ होतो, त्यापुढे बोलणे होत नाही. नाराजी अनपेक्षित दिशेनेही आली. बाजारातील एक हिंदू किराणा दुकानदार, शाळेचे जुने विद्यार्थी, मुख्याध्यापिकांना येऊन म्हणाले की आम्ही ती प्रार्थना म्हणतच मोठे झालो, आमचे काय बिघडले? त्यांना उत्तर देणे वडिलांना उत्तर देण्यापेक्षा अवघड गेले, असे मुख्याध्यापिका सांगतात.

सकाळच्या प्रार्थनेला सुरुवातीला बरीच मुले आली, पावसात संख्या घटली, परीक्षेच्या आधी वाढली, पुन्हा घटली. पेटीवर भजने म्हटली जातात, त्यांत मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची बरीच असतात. टिळक नगरलाच राहिले आणि शिकवत होते, हे मुलांपैकी बहुतेकांना प्रथमच कळले. आयुष्याच्या अखेरीस त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा दिली, हे पाळकसाहेबांनी एका सकाळी सांगितले, तेव्हा सोबत बसलेल्या एका हिंदू आईने प्रार्थनेनंतर थांबून त्याविषयी बरेच विचारले. पेत्राच्या पत्रातील विचारणारा असा आला.

रविवारचा मुलांचा वर्ग तरुण संघाने हाती घेतला. तेथे अडचण निराळीच निघाली. इंग्रजी माध्यमातील मुलांना मराठी बायबल वाचता येत नव्हते. जोडाक्षरांपाशी ती थांबत. त्यामुळे पहिले काही महिने वर्ग वाचनाचाच झाला. इंग्रजी बायबल वापरावे असा सोपा मार्ग पालकांनी सुचवला होता. तरुणांनी तो नाकारला, कारण आजी-आजोबांसोबत घरी प्रार्थना व्हायची असेल तर ती मराठीतच होणार. काही घरांत ती पुन्हा सुरू झाली आहे. किती घरांत, हे मोजण्याचा मोह पाळकसाहेबांनी टाळला, ते बरे केले.

काय वेगळे करता आले असते

अर्जाला पहिल्याच आठवड्यात उत्तर गेले असते, तर निवेदनाची वेळ कदाचित आली नसती. मुख्याध्यापिकांना उत्तर देण्याचा अधिकार होता, पण ‘धर्माचा विषय’ म्हणून त्यांनी तो वापरला नाही आणि अध्यक्षांनी तो वापरा असे सांगितले नाही. अशा अर्जावर मुख्याध्यापकांनी पालकांना तातडीने भेटावे आणि समितीला नंतर कळवावे, असा साधा नियम आता केला आहे.

क्षमा कार्यालयात मागितली गेली, शिक्षा मैदानावर झाली होती. मुलाला आणखी अवघडल्यासारखे होईल, या काळजीने हा मार्ग निवडला, आणि काळजी खोटी नव्हती. तरी हसणाऱ्या मुलांपर्यंत ती क्षमा पोचली नाही. मुलालाच विचारून ठरवता आले असते. या प्रकरणात विद्यार्थ्यांना, ख्रिस्ती किंवा इतर, कोणीही काही विचारले नाही, हा त्यातील सर्वांत मोठा दोष मी मानतो.

मंडळीला निर्णय उपासनेनंतरच्या सूचनांमध्ये, महिला मंडळाच्या सहलीच्या सूचनेपाठोपाठ, कळवला गेला. ज्या प्रश्नावर समितीने दोन बैठका वाद घातला, त्यासाठी मंडळीला पाच मिनिटेही मिळाली नाहीत. ज्येष्ठ पंचांचा राजीनामा ठरावापेक्षा या घोषणेच्या पद्धतीमुळे अधिक आला, असे त्यांच्या जवळचे लोक सांगतात. दानीएलाचा मुद्दा सर्वांसमोर मांडण्याची संधी त्यांना मिळायला हवी होती. तो खोडून काढला गेला असता तरी ऐकला गेला, एवढे समाधान त्यांना मिळाले असते.

शाळेच्या वसतिगृहाचा प्रश्न ठरावाने हाताळलेलाच नाही. तेथे दूरच्या वस्त्यांवरील आणि ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील मुले राहतात, बहुतेक अन्य धर्मीय, आणि संध्याकाळची प्रार्थना व जेवणाआधीची उपकारस्तुती सर्वांसाठी आहे. पालक सहा-सहा महिने गावी नसतात. संमती कोणाची घ्यायची, आणि जेवणाचे ताट समोर असताना दिलेली संमती किती मोकळी मानायची, हे प्रश्न अनुच्छेद २८ च्या दृष्टीने तेवढेच थेट आहेत, आणि ताटामुळे अधिक नाजूक. वसतिगृह अधीक्षकांनी दोनदा विषय काढला. तो पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर आहे, आणि हंगाम सुरू होऊन पालक ऊसतोडीला जाण्याआधी ती बैठक व्हावी, असा मुख्याध्यापिकांचा आग्रह आहे.